डिझेल टेम्पोचे नवे दुखणे : वाटेत धुराचा दिवा लागला तर काय करावे?

सोलापूरचा व्यापार म्हणजे रस्त्यावरचा व्यापार. चादर, टॉवेल, नॅपकिन, शाळेचे गणवेश हा सारा माल अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडला की गाठी बांधून हैदराबाद, गुलबर्गा, विजापूर, लातूर, पुणे अशा बाजारपेठांची वाट धरतो. एके काळी ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल टाकला, बिल्टी खिशात घातली की व्यापारी मोकळा होत असे. आता लहान व्यापाऱ्यानेही कर्ज काढून किंवा साठवलेल्या पैशातून स्वतःचा टेम्पो, व्हॅन घेतली आहे. भाडे वाचते, माल वेळेवर पोचतो, परतीला दुसऱ्याचा माल मिळतो. ही गोष्ट चांगलीच झाली.

परंतु गेल्या पाच-सहा वर्षांत या गाड्यांना एक नवे दुखणे जडले आहे. इंजिन ठणठणीत, टायर नवे, टाकीत डिझेल भरपूर, तरीही गाडी मध्येच दम टाकते. पिकअप जातो, चढावर दुसऱ्या गिअरवर यावे लागते, समोर पिवळा दिवा लागतो आणि कधी कधी बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. ड्रायव्हर घाबरतो, मालक फोनवर ओरडतो आणि पार्टी तिकडे माल मोजायला हमाल बसवून ठेवते. हा सारा खेळ धूर साफ करणाऱ्या यंत्रणेचा आहे. आपल्या व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांना गाडीचे हे अंग ठाऊक नाही, म्हणून आम्ही या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या देशात डिझेल गाड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९२ मध्ये आली. २००० पासून युरोपच्या धर्तीवर टप्प्याटप्प्याने नियम कडक होत गेले. त्यांनाच भारत स्टेज म्हणतात. भारत स्टेज चारची गाडी ३१ मार्च २०२० नंतर विकता वा नोंदवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी दिला आणि १ एप्रिल २०२० पासून देशात एकदम स्टेज सहा लागू झाले. पाचवा टप्पा सरकारने मध्येच गाळला. डिझेलही बदलले. स्टेज चारच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालत असे, आता फक्त १० भाग चालते. एप्रिल २०२३ पासून नियम आणखी आवळले गेले. आता गाडीचा धूर प्रयोगशाळेतच नव्हे, प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासला जातो आणि धुराच्या यंत्रणेवर गाडी स्वतःच पहारा ठेवते.

हा पहारा हीच खरी नवी गोष्ट आहे. जुनी गाडी काळा धूर ओकत हैदराबाद गाठायची आणि परत यायची. नवी गाडी म्हणते, माझी गाळणी भरली आहे, ती साफ झाल्याशिवाय मी पूर्ण ताकद देणार नाही. तक्रार कोणाकडे करणार? कायद्यानेच तिला तसे शिकवले आहे.

आता ही गाळणी काय आहे ते पाहू. सायलेन्सरच्या नळीत, इंजिनच्या जवळ, चिनी मातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी बसवलेली असते. तिला डीपीएफ म्हणतात. तिची छिद्रे एक आड एक बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपून जावे लागते आणि काजळी आत अडकते. चहाच्या गाळणीत चोथा साठावा तशी ती साठत जाते. चोथा आपण झटकतो, गाडी काजळी जाळते. गाडी हायवेवर भराभर चालली की सायलेन्सर तापतो आणि बरीचशी काजळी आपोआप जळून जाते. तेवढ्याने भागले नाही, तर काही शे किलोमीटरनंतर इंजिन स्वतःच थोडे जास्त डिझेल सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंशांवर नेते आणि पंधरा-वीस मिनिटांत ती साफ करते. ड्रायव्हरला बहुधा कळतही नाही. फार तर गाडी थोडी जास्त डिझेल खाते, उभी असताना इंजिनचा आवाज जरा चढलेला वाटतो आणि खालून गरम वास येतो.

दुखणे सुरू होते ते गावातल्या फेऱ्यांमुळे. सकाळी कारखान्यातून माल उचलायचा, चाटी गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून गर्दी हटण्याची वाट पाहायची, दोन गाठी उतरवायच्या, मग बेगम पेठ, मग विजापूर वेस. दिवसभरात वीस वेळा गाडी थांबते आणि एकदाही नीट तापत नाही. गाळणी साफ करण्याचे काम सुरू होते न होते तोच ड्रायव्हर चावी फिरवून चहाला जातो. असे चार-पाच वेळा झाले की गाळणी भरत जाते. शिवाय जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल पुरते न जळता इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी ऑइल खात नाही म्हणून खूश होऊ नये. ते ऑइल पातळ झालेले असते आणि ताबडतोब बदलावे लागते.

सबब ज्यांची गाडी आठवडाभर गावातच फिरते, त्यांनी आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा-पाऊण तास हायवेवर न्यावी. तुळजापूर रस्ता त्यासाठी उत्तम. पुढे घाट आहे आणि चढावर गाळणी चांगली तापते. जुम्म्याला कारखाना बंद असेल तर नमाजनंतर हे काम सहज होते. थोडे डिझेल खर्च होईल खरे, पण वाटेत बंद पडलेल्या गाडीचा खर्च याच्या कितीतरी पट असतो.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दल इथे विस्ताराने सांगणे गरजेचे आहे. गाडीबरोबर मिळणारे पुस्तक बहुधा इंग्रजीत असते. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना ते वाचताना शब्दकोश घ्यावा लागतो, मग ज्याने चौथीत शाळा सोडली त्या ड्रायव्हरने काय करावे? दिवा मात्र चित्राचा असतो आणि चित्र ओळखायला भाषा लागत नाही. चौकोनी डब्याच्या किंवा नळीच्या आत ठिपके दिसले तर समजावे, गाळणी भरत आली. नळीबरोबर थर्मामीटर दिसला तर सायलेन्सर फार तापला आहे. इंजिनाची बाह्याकृती दिसली तर गाडीने कुठला तरी दोष लिहून ठेवला आहे. थेंब, पाण्याच्या लाटा किंवा डीईएफ ही अक्षरे दिसली तर युरियाच्या टाकीकडे पाहावे. पिवळा दिवा म्हणजे सावध हो, काम आहे. लाल दिवा म्हणजे थांब. पिवळ्याला घाबरून भर रस्त्यात थांबणे आणि लाल दिसूनही पुढचे गाव गाठण्याचा हट्ट धरणे, दोन्ही सारखेच घातक. आमच्या मते प्रत्येक मालकाने पुस्तकातले हे पान मराठीत किंवा उर्दूत लिहून काढून गाडीच्या कप्प्यात ठेवावे. एका संध्याकाळचे काम आहे.

गाळणीचा पिवळा दिवा रस्त्यात लागला आणि गाडीची ताकद शाबूत असेल, तर गाडी बंद करू नये. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या आसपास, एक गिअर खाली ठेवून, इंजिनचे फेरे साधारण दोन हजारांच्या वर राहतील अशी वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवावी. बहुतेक वेळा दिवा आपोआप जातो. आपल्या गाडीचे नेमके आकडे पुस्तकात दिलेले असतात, ते आमच्या आकड्यांपेक्षा खरे मानावेत. अनेक व्यापारी गाड्यांत गाळणी उभ्या गाडीवर जाळण्याचे वेगळे बटणही असते. ते दाबण्यापूर्वी गाडी सपाट मोकळ्या जागी लावावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रल ठेवावा.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला काय असते? ज्वारीचा कडबा, उसाचे वाळलेले पाचट, उन्हाळ्यात गवत. ६०० अंशांवर तापलेल्या सायलेन्सरखाली हे आले तर पेट घ्यायला वेळ लागत नाही आणि वर गाडीत तुमच्या सुती चादरींच्या गाठी असतात. म्हणून मुरमाच्या किंवा डांबराच्या जागेवरच गाडी लावावी. गोदामात, पत्र्याच्या शेडमध्ये, पेट्रोल पंपावर हे बटण कधीही दाबू नये.

दिवा लुकलुकू लागला, सोबत इंजिनाचा दिवाही आला आणि गाडीची ताकद गेली, तर गाळणी हायवेवर चालवून साफ होण्याच्या पलीकडे गेली असे समजावे. मग जोर लावून चालवत राहिल्यास हजारांचे काम लाखावर जाऊ शकते. अशा वेळी स्कॅनरवाल्या वर्कशॉपमध्येच जावे.

रमजानच्या आधी आमच्या शेजारच्या पेढीची गाडी नॅपकिन आणि चादरी घेऊन हैदराबादकडे निघाली होती. नळदुर्गच्या अलीकडे पिकअप गेला. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने बॅटरीची तार काढून पाच मिनिटांनी परत जोडली, दिवा गेला, त्याने तीनशे रुपये घेतले. ड्रायव्हर आनंदाने निघाला. उमरगा ओलांडून थोडे पुढे जाताच दिवा परत आला आणि आता गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. बॅटरीची तार काढल्याने गाडी तात्पुरती आपला दोष विसरते, गाळणीतली काजळी काही विसरत नाही. पुढे तपासात निघाले ते आणखीच वेगळे. गाळणी अर्धीच भरली होती. तिच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी उष्णतेने तडकली होती, त्यामुळे गाडीला चुकीचा आकडा मिळत होता. नळीची किंमत किरकोळ होती, पण त्या रात्री भाड्याची दुसरी गाडी बोलवावी लागली आणि माल एक दिवस उशिरा पोचला. मदिना मार्केटच्या पार्टीने निम्मा माल तोवर दुसऱ्याकडून उचलला होता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दिवा लागला म्हणजे मोठा भागच गेला असे नसते. काजळी मोजणारा, उष्णता मोजणारा, धुरातला नायट्रोजन वायू मोजणारा, असे अनेक सेन्सर असतात आणि त्यांच्या तारा, नळ्या, जोड गाडीच्या पोटाखाली चिखल-धूळ खात असतात. बॅटरी कमजोर असली तरी खोटे दोष दिसतात. म्हणून गाळणी बदला, लाख रुपये होतील, असे कोणी पहिल्याच भेटीत सांगितले तर आधी दोषाचा क्रमांक विचारावा. गाडीच्या स्टिअरिंगखाली सोळा खिळ्यांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की क्रमांक दिसतो. पी-२४६३ म्हणजे गाळणीत काजळी साठली. पी-२००२ म्हणजे गाळणी नीट गाळत नाही. पी-०४०१ म्हणजे धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने गुदमरला असावा. पी-२०३एफ म्हणजे युरिया कमी आहे. पी-२०७एफ म्हणजे युरियाचा दर्जा बरोबर नाही. पी-२०ईई म्हणजे युरियाची यंत्रणा वायू पुरेसा साफ करत नाही. मोबाइलला जोडायचे लहान स्कॅनर आता काही शे रुपयांपासून मिळतात. दुरुस्ती त्यांनी होत नाही, पण वर्कशॉपमध्ये जाण्याआधी आपल्या हातात काहीतरी असते. पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

युरियाचा उल्लेख आला. काही गाड्यांत गाळणीखेरीज आणखी एक यंत्रणा असते. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी दिसली की ती ओळखावी. तिच्यात जे पाणी भरतात त्याला डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणतात आणि ड्रायव्हर लोक सरळ युरिया म्हणतात. हे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेले पाणी असते. सायलेन्सरमध्ये त्याचा फवारा उडतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन व पाणी असे रूपांतर करतो. डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के इतका तो खर्च होतो. लिटरला दहा किलोमीटर देणारी गाडी सोलापूरहून हैदराबादला सुमारे ३१ लिटर डिझेल जाळते, म्हणजे युरिया सव्वा लिटर लागला. वीस लिटरचा डबा अशा सात-आठ जाऊन-येऊन खेपांना पुरतो. खर्च मोठा नाही. पण टाकी कोरडी पडली की गाडी आधी दिवा लावते, मग ताकद कमी करते, शेवटी मोठी गाडी रांगायला लागते आणि लहान गाडी एकदा बंद केली की सुरूच होत नाही. किलोमीटरचे उलटे मोजमाप पडद्यावर दिसू लागले की पुढच्या पंपावर टाकी भरावी. एक-दोन लिटर ओतून भागत नाही, गाडीला ओळख पटायला साधारण पाच ते दहा लिटर लागते.

दक्षिण कोरियासारख्या श्रीमंत देशातही २०२१ मध्ये चीनने युरियाची निर्यात रोखली तेव्हा ट्रक उभे राहण्याची पाळी आली होती. आपल्याकडे माल मिळतो, प्रश्न त्याच्या खरेपणाचा आहे. शेतीचा युरिया साध्या पाण्यात कालवून डब्यात भरून विकणारे लोक आहेत. स्वस्त मिळतो म्हणून तो घेणे म्हणजे आपल्या हाताने गाडीला विष पाजणे. आपल्या देशात शेतीचा सर्व युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच विकला जातो. तो लेप आणि बोअरच्या पाण्यातले क्षार फवारा मारणारी सुई आणि आतली महाग जाळी दोन्ही निकामी करतात. शिवाय शेतकऱ्याच्या सवलतीचा युरिया अशा कामाला वापरणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. शेतकऱ्याचा हक्क मारून आणलेला माल आपल्या व्यापाराला बरकत देईल का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

डबा घेताना सील पाहावे, तारीख पाहावी, आयएसओ २२२४१ हा क्रमांक पाहावा. तारखेचे महत्त्व सोलापुरात जास्त आहे. हे पाणी ३० अंशांपर्यंत वर्षभर टिकते, ३५ अंशांपर्यंत सहा महिनेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा पत्र्याच्या दुकानाबाहेर उन्हात रचलेले डबे घेऊ नयेत आणि गाडीतही वर्षभराचा साठा बाळगू नये. झाकणाभोवती पांढरी साखर साठलेली दिसते ती वाळलेला युरिया असतो. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा. चुकून युरियाच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत युरिया गेला, तर चावी मुळीच फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. चावी फिरवली की पंप ते सगळीकडे पोचवतो.

आता आपल्या मिस्त्री बंधूंसाठी दोन शब्द. गाडी दुरुस्तीचे काम आपल्या समाजात पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे पाने-पकडी उचलून शिकलेला फिटर डिझेल पंपाचा आवाज ऐकून दोष सांगत असे. ते कौशल्य आजही मोलाचे आहे, पण या गाड्यांचा दोष कानाला ऐकू येत नाही. स्कॅनर घेतला नाही आणि तो वाचायला शिकला नाही, तर हे गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपकडे कायमचे जाईल. उस्तादांनी आपल्या मुलांना, पुतण्यांना आयटीआयच्या मोटार मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिकच्या वर्गात घालावे आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये बसवावे. बापाचा कान आणि मुलाचा स्कॅनर एकत्र आले तर हायवेवर अशा गॅरेजची आज फार गरज आहे. नळदुर्ग ते जहिराबाद या पट्ट्यात गाडी अडलेल्या माणसाला हे कळेल.

काही गॅरेजवाले मात्र वेगळाच मार्ग दाखवतात. गाळणी कापून मोकळी नळी बसवतात, युरियाच्या जागी गाडीला फसवणारी छोटी पेटी जोडतात आणि म्हणतात, आता आयुष्यभर दिवा लागणार नाही. अनेकांना हा सौदा स्वस्त वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही आणि धुराचे नियम मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वॉरंटी जाते, विम्याच्या दाव्यात खुसपट निघते, गाडी विकताना भाव पडतो. यंत्राला फसवण्याचा हा उद्योग मोठ्या कंपन्यांनाही पचला नाही. फोक्सवॅगनची अशीच लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आली आणि भारतातही त्या गटाला तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. शिवाय हा धूर जातो कुठे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. यंत्रमागाच्या कापसाने आधीच भरलेल्या छात्या आपल्याच मोहल्ल्यांत आहेत. वाटेवरचा उपद्रव दूर करणे हा ईमानचा भाग आहे हे आपण लहानपणीच शिकलो, मग वाटेवर उपद्रव पसरवून रोजी कमावणे कसे चालेल?

जुनी व्हॅन विकत घेणाऱ्यांनीही हे तपासावे. थंड गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले आणि जाड काळी काजळी लागली, तर गाळणी फुटलेली किंवा काढलेली असण्याची शक्यता मोठी. स्टेज सहाची चांगली गाडी त्या ठिकाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते. इंजिन ऑइलही विचारावे. या गाड्यांना कमी राख सोडणारे, पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. साधे ऑइल जळून जी राख होते ती गाळणीत कायमची बसते, ती काजळीसारखी जळत नाही.

माल घेऊन परराज्यात अडकलात तर गाडीइतकीच कागदांची काळजी घ्यावी. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणजे हैदराबादच्या खेपेला दोन दिवस मिळतात. गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर निघण्यापूर्वी बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरावा. मोबाइलवर पाच मिनिटांत होते. मुदत संपत आली असेल तर संपण्याआधी किंवा संपल्यानंतर आठ तासांच्या आत कारण देऊन वाढवून घेता येते. हे न करता नव्या गाडीत माल सापडला, तर माल आणि गाडी दोन्ही अडकतात आणि कराच्या दुप्पट दंड मागितला जातो. वर सांगितलेल्या शेजारच्या पेढीच्या मुनीमजींनी रात्री अकरा वाजता सोलापुरात बसून क्रमांक बदलला, म्हणून पहाटेच्या तपासणीत भाड्याची गाडी दहा मिनिटांत सुटली. राष्ट्रीय महामार्गावर गाडी आडवी झाली तर १०३३ या क्रमांकावर फोन करावा. क्रेन व गस्तीची गाडी येते.

नव्या गाडीचा दिवा वारंवार लागत असेल आणि वर्कशॉप गावातल्या फेऱ्यांमुळे झाले असे म्हणून हात झटकत असेल, तर गप्प बसू नये. गाडी विकताना तिचा उपयोग काय हे विक्रेत्याला माहीत होते का, गाळणीची अडचण त्याने सांगितली होती का, हे प्रश्न लेखी विचारावेत. ग्राहक कायद्यात व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही, पण स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी याला अपवाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे की जो माणूस स्वतः चालवून पोट भरण्यासाठी गाडी घेतो तो ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसे ठेवली तरीही. दहा गाड्या आणि दहा ड्रायव्हर ठेवणाऱ्याला हा आधार मिळणार नाही. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करावी, तेवढ्याने काही तक्रारी मिटतात. न मिटल्यास सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो, गाडी पुण्यात घेतली असली तरी, कारण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या ठिकाणी दावा करण्याची मुभा दिली आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये आहे. दाव्याला प्रत्येक भेटीचे जॉब कार्ड, स्कॅनरच्या पडद्याचे तारखेसह फोटो, युरिया आणि ऑइलच्या पावत्या आणि माल उशिरा पोचल्याचे पार्टीचे पत्र जोडावे. वर्कशॉपवाले जॉब कार्डावर अनेकदा नुसते ‘तपासले, ठीक आहे’ असे लिहितात. दोषाचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये.